रविवारची पहिली फेरी

रूईक्लिप, फ्री स्टेट, दक्षिण आफ्रिका
२७ फेब्रुवारी २०११

मामेल्लो,

बिअरच्या एका क्रेटची खरी किंमत किती, ते मी काल बसून काढलं. दुकानातली किंमत सोड, ती कुणालाही परवडते. चोवीस बाटल्या आणि प्यायला एकोणीस माणसं, म्हणजे दर माणशी सव्वा बाटली. एवढ्यानं मांजर झिंगत नाही. पण क्रेट रिकामी झाली की कुणाच्या तरी गाडीतून दुसरी निघते, दुसरीमागून ब्रँडी निघते, आणि रविवारी सकाळी विमान घरघरायला लागतं तेव्हा उडीच्या मैदानावरच्या प्रत्येकाची तीन-चार तासांची झोप खर्ची पडलेली असते. त्यावर सव्वानऊला गेलेला एक माणूस. झाली किंमत.

हे तुला टोचायला लिहीत नाही, उलट धीर द्यायला लिहितो. पाचशेवी उडी मारली की क्रेट आणायची हा नियम काही तू केलेला नाहीस. पहिल्या उडीला क्रेट, शंभराव्या उडीला क्रेट, छातीचा पट्टा उलटा ओवला आणि दुसऱ्याच्या नजरेस पडला तरी दंड म्हणून क्रेटच. विमानातून उडी मारणारी माणसं जगात जिथं जिथं जमतात तिथं हे असंच चालतं. तू फक्त रीत पाळलीस. तुझ्या थिनसनं किती घ्यायची हे थिनसनं ठरवायचं होतं.

अंत्यविधीला त्याची आई बोलली ते मनाला लावून घेऊ नकोस. "तुझ्या बिअरनं माझा पोरगा खाल्ला," असं चारचौघांत म्हणणं बरोबर नव्हतं. पण पोटचं पोर पेटीत ठेवलेल्या बाईच्या तोंडाला कुणी हात लावायचा? मी कॉफीच्या भांड्यापाशी होतो, मला सगळं ऐकू आलं. मध्ये पडणं शोभलं नसतं म्हणून गप्प राहिलो.

तू नंबर बदललास. ज्या मावशीकडे गेलीस तिला फोन केला तर म्हणाली, "पत्र टाकायचं तर टाका भावजी. ती उघडते की चुलीत घालते, ते मी बघायला जाणार नाही." म्हणून हे पत्र.

उडीच्या संघटनेकडून चौकशीला एक बाई आल्या होत्या. दोन दिवस राहिल्या, दोरीन् दोरी तपासली. त्याची हवाई छत्री नीट बांधलेली होती असं त्यांनी लिहिलंय. उडी मारणाऱ्याचे हात उशिरा चालले असावेत, आदल्या रात्रीच्या पिण्याचा आणि अपुऱ्या झोपेचा परिणाम असावा, असं त्यांचं मत. मला विचारलं तेव्हा मी ऐकलं तेवढं सांगितलं. विमानात चढायच्या आधी थिनसच्या तोंडून "डोकं फुटतंय" हे शब्द मी ऐकले होते. माझे कान तुला माहीत आहेत. ऐकलेलं लपवता येत नाही.

रक्ताचा अहवाल सरकारी प्रयोगशाळेतून यायला वर्ष लागेल म्हणतात, कधी दोनही लागतात. तोपर्यंत लोक बोलतील आणि मग दमतील.

एक गोष्ट मात्र कुणी बोलू शकत नाही. मी या हातांनी चाळीस हजार छत्र्या बांधल्यात. पंधराव्या वर्षी मक्याच्या शेतातून गोऱ्यांच्या छत्र्या गोळा करून आणायचो. मी बांधलेल्या छत्रीनं ते उडायचे, आणि मला त्यांच्या विमानात पाय ठेवायची परवानगी नव्हती. आज विमान माझं आहे, मैदान माझं आहे. चाळीस हजारांत एकही छत्री उघडायची राहिली नाही, आणि दंडाची एक क्रेट माझ्या नावावर लागलेली नाही.

तो पडला त्या शेतात सगळ्यांच्या आधी मी पोचलो. त्याचे डोळे मी मिटले. तेवढं तरी माझ्या हातून झालं.

जेवत जा.

तुझा बाप


२० मार्च

मामेल्लो,

उत्तर नाही. मी तरी कुठं अपेक्षा केली होती? केली होती, खोटं कशाला बोलू.

मैदान पुन्हा सुरू केलं. शनिवारी आता दारू बंद. मोठी पाटी रंगवून घेतली: 'बाटली आणि उडी यांत बारा तास. झोप नसेल तर उडी नाही.' लोक पाटीखाली उभं राहून फोटो काढतात आणि मान डोलावतात. सगळ्यांना पटलंय. थिनसचं नाव घेऊन नव्या पोरांना धडा देतात, "बघा, तो एवढा कसलेला, पण आदल्या रात्री प्यायला आणि गेला."

सेलोआनी मात्र पाटीपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती माझ्याकडे अकरा वर्षं छत्र्या बांधतेय, तिला तोंडाला कुलूप लावायची सवय नाही. बापाच्या जागी मानून तीही मला न्ताते म्हणते. म्हणाली, "पाटी झकास झालीय, न्ताते. चांगली रुंद आहे. मागं एक माणूस आरामात लपेल."

मी म्हटलं, "तुला काय म्हणायचंय?"

"मला? मी चटईवर बसणारी बाई. मला काय म्हणायचं असणार." आणि गेली चटईवर.

तिच्याकडे मी लक्ष देत नाही. पण तिच्या शेजारी बसून छत्री बांधायची म्हटलं की हल्ली माझी पाठ धरते. त्या रविवारपासून मी बांधायला बसलो नाही. वय झालं.

तुला आठवतं का, तू सहा वर्षांची होतीस तेव्हा चटईवर माझ्या मांडीशी बसायचीस. मोठ्या छत्रीला बाहेर ओढून काढणारी ती वीतभर छत्री, तिला आम्ही पिल्लू म्हणायचो. एकदा मोठी छत्री उघडली की पिल्लाचं काम संपतं, ते मिटून झोपतं. पुन्हा बांधताना आतली दोरी ओढून त्याला जागं करायचं. जागं झालं की त्याला जोडलेल्या पट्टीवरच्या नखाएवढ्या खिडकीत हिरवा दोरा दिसतो. जागं करायचं राहिलं तर वाऱ्यात सोडलेलं पिल्लू फडक्यासारखं लोंबतं आणि मोठी छत्री पाठीवरच राहते. तू प्रत्येक छत्रीच्या खिडकीला डोळा लावायचीस आणि ओरडायचीस, "न्ताते, हे जागं आहे! न्ताते, हेसुद्धा जागं आहे!"

का लिहिलं कुणास ठाऊक. आठवलं म्हणून.

सूर्यफुलं काढून झाली. जिथं तो पडला तिथली चार ओळी झाडं शेतमालकानं तशीच उभी ठेवलीत.

तुझा बाप


११ एप्रिल

मामेल्लो,

तुझं कार्ड मिळालं. दीडच ओळ आहे, पण मी दिवसभर वाचतोय.

"तो किती प्यायला होता? मला काहीच आठवत नाही. तुम्ही शुद्धीत होतात, तुम्ही सांगा."

त्याच पाकिटात मावशीची चिठ्ठी होती. तुला न सांगता घातलीय, तिच्यावर रागावू नकोस. लिहिलंय, पोरगी पहाटे समुद्रावर जाते आणि छातीपर्यंत भिजून कपड्यांनिशी परत येते. विचारलं तर म्हणते, पाणी किती खोल आहे ते बघत होते. "भावजी, मला पोहता येत नाही. एक दिवस ती परत आली नाही तर मी काठावर उभी राहून काय करू?"

मामेल्लो, असं करू नये. मी या आठवड्यात सविस्तर लिहितो. आज विमानाच्या दुरुस्तीवाल्याची वाट बघतोय. थिनस किती प्यायला होता हे मी मोजत बसलो नव्हतो. त्याच्या हातात बाटली होती हे सगळ्यांनी बघितलं.

सविस्तर लिहितो.

बाप


१७ एप्रिल

मामेल्लो,

हे पत्र सेलोआनीसमोर बसून लिहितोय. परवा ती आली आणि तुझं कार्ड टेबलावर होतं ते तिनं वाचलं. विचारून नाही वाचलं. मग म्हणाली, "न्ताते, मी दोन महिने थांबले, तुम्ही स्वतः सांगाल म्हणून. पोरगी पाण्यात उतरायला लागली. आता तुम्ही लिहिता की मी लिहू? माझं शुद्धलेखन वाईट आहे, पण मी खरं लिहीन."

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी. थिनस प्यायला नव्हता. एक बाटली संध्याकाळभर हातात धरून हिंडला, कारण रिकाम्या हाताचा माणूस दिसला की लोक दुसरी कोंबतात. ती बाटली त्यानं मांसाच्या निखाऱ्यांवर ओतली. सेलोआनी बाजूलाच होती, तिच्या अंगावर राख उडाली म्हणून तिनं त्याला शिव्या घातल्या. दहाला तो गाडीत जाऊन झोपला.

शुद्धीत नव्हतो तो मी.

तुझ्या क्रेटमधली मी एक बाटली घेतली, तीही पाहुण्यांना साथ म्हणून. ब्रँडी माझी होती, माझ्या कपाटातली. कुणी आग्रह केला नाही. मुलीची पाचशेवी उडी, आणि तिच्या वयात बापाला विमानाच्या सावलीत बसलं तरी हाकलायचे, या एका वाक्यावर मी अर्धी बाटली रिचवली. तीन तास झोपलो असेन, बुटांसकट.

शनिवारी सूर्यास्ताला उडी मारून आल्यावर थिनस त्याची छत्री बांधायला बसत होता. मीच त्याला उठवलं होतं, "असू दे, सकाळी बघू, आज माझ्या मुलीचा दिवस आहे." म्हणून ती रविवारी सकाळी चटईवर मोकळी पडली होती. विमानाच्या पहिल्या फेरीला वीस मिनिटं होती. तू त्या फेरीतून स्वतःचं नाव खोडलं होतंस. "माझी अजून उतरली नाही, माझ्या पाठीवर कुणी छत्री बांधू नका," असं तू ऑफिसात म्हणालीस. त्या मैदानावर त्या दिवशी नियम पाळणारं माणूस तू होतीस.

थिनस माझ्यासाठी कॉफी आणि दोन फेटकूक घेऊन आला. ते तळलेले पाव मी बाजूला सरकवले. काकाच्या मानानं मला ऊम म्हणायचा तो. म्हणाला, "ऊम, तुम्ही कॉफी घ्या. माझी मी बांधतो."

मी म्हटलं, "डोकं फुटतंय, हात फुटले नाहीत अजून. तुझ्या जन्माआधीपासून बांधतोय. सात मिनिटं."

"बांधा मग. शेवटी खिडकीवर मी एक नजर टाकतो."

"टाक ना! आणि चूक सापडली तर क्रेट कुणाच्या नावावर? सासऱ्याच्या?"

तो हसला. मामेल्लो, तो हसला आणि त्यानं नजर टाकली नाही. पुढच्या महिन्यात त्याचा मामा आपल्याकडे बोहादीच्या गाई, मुलीच्या बापाला द्यायच्या त्या, ठरवायला येणार होता. थिनस गोरा असून सगळं आपल्या रीतीप्रमाणे करायचं त्यानं ठरवलं होतं. तू त्याला शिकवलं होतंस की बोलणी व्हायच्या आधी सासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, त्याच्या कामात खोट काढायची नाही. पोरगं तुझा शब्द पाळत होतं. आणि मी त्या पाळण्याचा फायदा घेतला, कारण मला कुणी बघायला नको होतं.

मी डोळे मिटून बांधली. ऊन डोळ्यांत सुईसारखं जात होतं. हाताला सगळं पाठ आहे असं स्वतःला सांगितलं. पट्टीची घडी घालताना खिडकी बोटांखालून गेली, ती मी बघितली नाही. पिल्लू झोपलेलंच आत गेलं.

थिनस सेलोआनीकडे गेला आणि माझी नक्कल करत म्हणाला, "म्हाताऱ्याचं बघ! 'डोकं फुटतंय' म्हणतो, आणि हात लावू देत नाही." माझ्या कानांनी ते पूर्ण वाक्य ऐकलं. चौकशीला मी त्यातले दोनच शब्द दिले.

चार हजार फुटांवर त्यानं पिल्लू सोडलं, अगदी वेळेवर. ते लोंबत राहिलं. दोन सेकंदांत त्यानं राखीव छत्री ओढली, तीही वेळेवर. राखीव वर आली आणि मागं लोंबणाऱ्या पट्टीत गुंतली. त्याचे हात उशिरा चालले नाहीत. शिकवलं होतं तसंच, त्याच क्रमानं, त्यानं सगळं केलं.

आता शेतातलं. त्याचे डोळे मी मिटले असं तुला लिहिलं होतं. डोळे नंतर मिटले. आधी पिल्लू शोधलं. ते त्याच्या खांद्यामागं मातीत होतं. मी त्याची दोरी ओढली आणि खिडकीत हिरवं आणलं. तू कुंपणाची तार ओलांडत होतीस. मला हाक मारत होतीस, "न्ताते, जिवंत आहे का? न्ताते?" मला ऐकू येत होतं. मी दोरी ओढून पूर्ण केली आणि मग तुला ओ दिली.

चौकशीच्या बाईंना खिडकीत जे हिरवं दिसलं, ते मीच आणलेलं.

तू विचारशील, मी क्रेट आणली नसती तर? तर मी दुसरं निमित्त काढून प्यायलो असतो. पण क्रेट आणली, न आणली, छत्रीवर हात माझा होता. तुझा नव्हता. हे वाचून पुन्हा वाच. समुद्रावर जाऊ नकोस.

या पत्राची नक्कल उद्या चौकशीच्या बाईंना आणि पोलीस ठाण्यात देतोय. सेलोआनी बरोबर येतेय. माझ्यावर भरवसा नाही म्हणते.

मोत्लात्सी सेबोलाई
(बाप अशी सही करायला आज हात धजत नाही.)


१९ जून

मामेल्लो,

मावशीचा निरोप मिळाला. 'ती म्हणते आता पत्र नको. पण जेवते. समुद्रावर जात नाही.' पुढचं पत्र मी पाठवणार नाही. हे एवढ्यासाठी की थिनसच्या आईकडे जाऊन आलो, ते तुला माझ्याकडून कळावं.

हेस्टरनं, जिला आपण मानानं तानी म्हणतो, दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. "चहा विचारणार नाही मी तुला, मोत्लात्सी."

"नको, तानी."

"पोलिसांनी सांगितलं मला. तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय. माझा पोरगा प्यायला होता का?"

"नाही, तानी. मी प्यायलो होतो."

ती बराच वेळ दाराची कडी वरखाली करत राहिली. मग म्हणाली, "पाळकानं प्रार्थनेत त्याच्या दारूसाठी माफी मागितली. भर चर्चमध्ये. मी 'आमेन' म्हटलं. माझ्या पोरानं न केलेल्या पापाला मी आमेन म्हटलं."

तिनं कडी सोडली.

"आणि त्या पोरीला मी काय बोलले, ते तू ऐकलंस. कॉफीपाशी होतास. कप होता हातात."

"हो."

"आणि पीत राहिलास."

"हो, तानी."

"तुझी स्वतःची मुलगी रे ती." एवढं म्हणून तिनं तुझा पत्ता मागितला. मी मावशीचा दिला. तिनं तो स्वतःच्या तळहातावर लिहून घेतला, कागद आणायला आत गेली नाही. मी तोवर निघून जाईन असं तिला वाटलं असावं. काय लिहील मला माहीत नाही. तिचं पत्र आलं तर उघड. माझं नको असलं तरी तिचं उघड.

बाकी थोडक्यात. संघटनेनं माझे सगळे परवाने काढून घेतले. मैदान बंद आहे, विमान विकायला काढलंय. खटल्याची तारीख ऑगस्टमध्ये लागलीय. वकील म्हणतो, शेतातली दोरी कबूल केली नसती तर निष्काळजीपणावर भागलं असतं. मी म्हटलं, ती तर आधीच लिहून दिली. तो म्हणाला, "तुमच्यासारखी अशिलं मिळाली तर मी उपाशी मरेन." चांगला माणूस आहे. सेलोआनीला पलीकडच्या जिल्ह्यातल्या मैदानावर काम मिळालंय. जाताना म्हणाली, "बरं झालं लिहिलंत." एवढंच. टोमणा नाही, काही नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

चौकशीच्या बाई पुन्हा आल्या होत्या. या वेळी त्यांनी मला बसा म्हटलं नाही. विचारलं, "आजवर एकूण किती छत्र्या बांधल्यात?" मी सवयीनं चाळीस हजार म्हणालो. त्यांनी बांधणाऱ्यांच्या सह्यांच्या वह्या मागवल्या, पहिल्या वर्षापासूनच्या. सेलोआनी आणि त्या, दोघींनी दोन दिवस बसून मोजल्या.

माझ्या सहीच्या अकरा हजार दोनशे सहा निघाल्या. शेवटची थिनसची.